सिस्टरच्या सायकलीचा पुढचा ब्रेक

मिस्त्रीने बाटली न बघताच उचलली, कारण ब्रेकचं तेल भरण्यात बघण्यासारखं काही असतं हेच त्याला मान्य नव्हतं. बाटली मोटरसायकलच्या ब्रेकच्या तेलाची होती. स्टँडला टांगलेली वस्तू मात्र सायकल होती, चढावर चालवायची, जाड टायरची, आणि तिच्या पुढच्या चाकाला तारेवर नव्हे तर तेलावर चालणारा डिस्क ब्रेक होता. या दोन्ही गोष्टी त्याला धडधडीत दिसत होत्या. पण मोटरसायकल काय नि सायकल काय, तेल ते तेल, हे त्याचं शास्त्र. ब्रेकच्या लिव्हरला जी तेलाची चपटी डबी असते, तिच्या झाकणावर कंपनीने उठावाच्या बारीक अक्षरांत बजावून ठेवलं होतं की यात फक्त मिनरल ऑइल घालावं. मिस्त्रीने ती अक्षरं अंगठ्याने पुसली, म्हणजे त्यांच्यावरची धूळ पुसली, आणि झाकण उघडून उपडं ठेवलं. वाचायचं तर चष्मा लागला असता, आणि चष्मा गल्ल्यात होता. गिऱ्हाइकासमोर चष्मा लावून झाकण वाचणारा मिस्त्री म्हणजे पुस्तकात बघून स्वयंपाक करणारी सासू, असं तो म्हणायचा.

ब्रेक मात्र झकास लागला. आधी लिव्हर स्पंजासारखी दबत होती, ती आता दगडासारखी टणक झाली. सायकलीच्या मालकीणबाई, म्हणजे दवाखान्यातल्या सिस्टर, दुकानासमोर दोन गिरक्या मारून खूश होऊन गेल्या. आणि मिस्त्रीने बाकड्यावरच्या मंडळींकडे असं बघितलं की जणू हृदयाचं ऑपरेशन नुकतंच यशस्वी झालं.

बाकड्यावर कायम दोन-तीन माणसं असायची. त्यांतल्या कोणाकडेही सायकल नव्हती. ती येत ती मिस्त्रीच्या तोंडासाठी. त्याने अठरा वर्षं मोटरसायकली दुरुस्त केल्या, मग गुडघे कुरकुरायला लागल्यावर सायकलींवर आला. सायकल म्हणजे मोटरसायकलची धाकटी बहीण, धाकटीला वेगळं काय शिकवायचं, असा त्याचा हिशेब. हात चांगला होता, यात वाद नाही. पण हातापेक्षा जीभ चांगली होती, आणि गावात कौतुक जिभेचंच जास्त व्हायचं. पंक्चर काढता काढता तो असं काही बोलून जाई की माणूस घरी जाऊन ते चार जणांना सांगे. ते ऐकून आणखी एखादा येई, त्याचं चाक पंक्चर नसलं तरी.

त्याची ही जीभ एकाच माणसापुढे जरा जास्त चालायची. तो म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं गावाच्या दुसऱ्या टोकाला सायकलींचंच दुकान होतं, काचेच्या दाराचं, आत सगळं इतकं स्वच्छ की चपला बाहेर काढाव्यात की काय असा प्रश्न पडावा. एकदा घरी जेवताना मेहुण्याने सहज सांगितलं होतं, की भाऊजी, हल्लीच्या सायकलींच्या ब्रेकची तेलं दोन जातींची असतात, एकाच्या जागी दुसरं गेलं की आतली रबरं फुगतात. मिस्त्री म्हणाला होता की तू रांगत होतास तेव्हापासून मी ब्रेक भरतोय. सगळे हसले, मेहुणाही हसला आणि त्याने वरणाची वाटी पुढे सरकवली.

सिस्टर छप्पन्न वर्षांच्या. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. ही सायकल त्यांनी स्वतःच्या हौसेने घेतली तेव्हा दवाखान्यात बरीच थट्टा झाली होती. पण टेकडीवरच्या वस्तीपर्यंत दवाखान्याची गाडी रोज जात नसे. आठवड्यातून दोनदा सिस्टर औषधांची पिशवी मागे बांधून सायकलीवर वर जायच्या, जखमा धुवायच्या, पोरांची वजनं घ्यायच्या, म्हाताऱ्यांची बोलणी खायच्या. पाच वळणांचा चढ होता. तिसऱ्या वळणावर पाण्याची टाकी होती आणि तिथे त्या कधी उतरत नसत, ही गोष्ट त्या विषय नसतानाही काढत.

तेल भरल्यावर तीन आठवड्यांनी त्या दुकानासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, हल्ली जरा जड जाते हो सायकल. मिस्त्री तेव्हा एक हट्टी टायर रिममध्ये बसवत होता. त्याने मान वर केली नाही.

"सायकल तीच आहे, सिस्टर. जड झाली ती वर्षं."

बाकडं खो खो हसलं. सिस्टरही हसल्या, फक्त इतरांपेक्षा थोड्या उशिराने. मग पायडलवर पाय ठेवून निघून गेल्या. मिस्त्रीचा टायर बसला आणि तो दिवस त्याला चांगला गेला.

त्यानंतर महिन्याने त्या आल्या त्या सायकल हाताने ढकलत. स्टँडला लावली, पदराने कपाळ टिपलं आणि म्हणाल्या की ही आता विकून टाका. मिस्त्रीने का म्हणून विचारलं, तसं त्यांनी सगळं सांगितलं, अगदी सहज, जसं दुसऱ्याच कोणाच्या केसबद्दल सांगावं. पहिल्याच वळणाला छाती भरून येते. म्हणून कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं, साखर तपासली, सगळे रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, वय आहे. तेव्हा वस्तीची फेरी सोडली. आता गाडी जाईल तेव्हा दुसरी सिस्टर जाईल, म्हणजे पंधरवड्यातून एकदा. स्वतःसाठी औषधांच्या खोलीतलं बसून करायचं काम मागितलं आहे, अर्ज क्लार्ककडे दिला आहे.

"तुमचंच खरं होतं, मिस्त्री," त्या हसून म्हणाल्या. "जड झाली ती वर्षं. मी दवाखान्यात सांगितलं तर आमच्या क्लार्कला इतकं आवडलं की रोज मला बघून तेच म्हणतो. सायकल चांगल्या घरी द्या. तुमच्या हातातली आहे म्हटलं की कोणी शंका घेणार नाही."

त्या गेल्यावर मिस्त्रीने रिवाजाप्रमाणे सायकल चालवून बघायला काढली. दुकानामागे एक बोळ आहे, फार चढाचा नाही, पण आहे. अर्ध्या बोळातच त्याच्या मांड्या भरून आल्या आणि भाता चालावा तसा श्वास चालू झाला. पहिल्यांदा त्याला, खरं सांगायचं तर, स्वतःचीच भीती वाटली. बावन्न म्हणजे काही कमी नव्हे, आपलीही वर्षं आली वाटतं, असं मनात येऊन तो एका पायरीवर मटकन बसला आणि आधारासाठी हात पुढच्या चाकाकडे नेला. बोटं ब्रेकच्या चकतीला, म्हणजे डिस्कला, लागली आणि चटका बसून झटकन मागे आली.

डिस्क तव्यासारखी तापली होती. कडेला निळसर झाक आलेली. मिस्त्रीने पुढचं चाक उचललं आणि फिरवलं. चांगलं चाक हाताने फिरवलं की बराच वेळ आपल्याच नादात फिरत राहतं. हे अर्धा फेरा गेलं, शूं असा लांब उसासा टाकला आणि थांबलं.

तरी त्याने आशा सोडली नव्हती. धूळ असेल. अर्धं शटर ओढून त्याने चाक काढलं, पॅड काढले, पॅडना डिस्कवर दाबणारे दोन्ही पिस्टन स्पिरिटच्या बोळ्याने लखलखीत पुसले आणि प्लास्टिकच्या पट्टीने मागे रेटले. नेहमी बोटाच्या जोराने जातात, हे कुरकुरत गेले. लिव्हर दाबून सोडली तर ती परत यायला असा वेळ लावत होती, जशी झोपेतून उठवलेली सून. मग आजूबाजूला कोणी नाही हे बघून मिस्त्रीने गल्ल्यातून चष्मा काढला, नाकावर चढवला आणि झाकणावरची अक्षरं वाचली. फक्त. मिनरल. ऑइल. त्याने झाकण उघडलं. आतला रबरी पडदा रात्रभर पाण्यात राहिलेल्या बोटांसारखा सुरकुतून फुगला होता. आत पिस्टनभोवतीची रबरं काय झाली असतील हे बघायला आणखी उघडायची गरज नव्हती. गेला महिनाभर सिस्टर ब्रेक दाबलेली सायकल टेकडीवर ओढत होत्या.

मिस्त्री तिथेच स्टुलावर बसून राहिला. चूक काही त्याच्याकडून पहिल्यांदा झाली नव्हती. उलटे नट, तुटलेले आटे, एकदा तर एका वकिलाच्या मोटरसायकलीची टाकी भलत्याच मोटरसायकलीवर. ते सगळं त्याने हसण्यावारी नेलं होतं. हे नेता येईना. तेलाची चूक पोटात घालता आली असती, पण त्याच्या डोळ्यांसमोर राहून राहून येत होतं ते त्या दिवशीचं सिस्टरचं हसू, इतरांहून थोडं उशिरा आलेलं. तेवढ्या वेळात त्या बाईने त्याचं म्हणणं खरं मानून टाकलं होतं. ओशाळून त्याने चष्मा काढला, परत लावला, परत काढला. दुकानात कोणी नव्हतं तरी त्याला तोंड कुठे लपवावं कळेना.

दुपारी घरी जेवताना त्याने बायकोला म्हटलं की एका गिऱ्हाइकाचा ब्रेक खराब निघाला, तुझ्या भावाकडून पार्ट आणावा म्हणतो. बायकोचा घास हातातच राहिला. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती आणि नवरा भावाच्या दुकानाची पायरी एकदाच चढला होता, उद्घाटनाला, तेही पेढा घेऊन परत.

"काय केलंत?" तिने विचारलं.

त्याने तेलाचं सांगितलं. वाक्याचं नाही सांगितलं.

"सिस्टर काय म्हणाल्या?"

त्यांना कुठे माहीत आहे, असं तो भाताकडे बघत म्हणाला. मग घाईघाईने म्हणाला की आपण नवा ब्रेक बसवून देणार, एक पैसा घेणार नाही, सायकल होती त्याहून बरी होईल, आणखी काय करायचं असतं माणसाने.

"अहो, फुकट करून दिलंत की त्या तुमचेच आभार मानतील," बायको म्हणाली. "ते घेणार का तुम्ही?" आणि तिने ताट उचललं. मिस्त्रीला या घरात शेवटचा शब्द आपला असतो असं वाटायचं. त्या दिवशी तो ताटाबरोबर स्वयंपाकघरात गेला.

मेहुण्याच्या दुकानात तो नाक मुठीत धरून गेला. फुगलेली रबरं कागदात गुंडाळून नेली होती, ती त्याने काउंटरवर ठेवली. मेहुण्याने कागद उघडला, वास घेतला, भाऊजींकडे बघितलं. मिस्त्री टोमण्याची वाट बघत उभा राहिला. टोमणा आला असता तर बरं झालं असतं, त्याला उत्तर तरी देता आलं असतं. पण मेहुणा आत गेला आणि एका सायकलीवरून काढलेला अख्खा ब्रेक घेऊन आला, लिव्हर, नळी, पिस्टन, सगळं एकत्र. जुन्यातलं काहीही ठेवू नका म्हणाला, ते तेल जिथे जिथे गेलं ते सगळं बाद. आणि तुमच्याकडे हे तेल काढायची-भरायची सामग्री नसेल, तर सायकल इथेच आणा.

मग ज्या दृश्याची मिस्त्रीने जन्मात कल्पना केली नव्हती ते घडलं. त्याने स्वतःहून खिशातून चष्मा काढला आणि मेहुण्याच्या हाताखाली उभा राहिला. लिव्हरच्या डबीवर एक नरसाळं लावलेलं, खाली पिस्टनच्या बाजूला सिरिंज. मिस्त्रीने सिरिंज दाबायची, मेहुण्याने वर बुडबुडे बघायचे.

"ढकला. थांबा. आता जरासं ओढा. भाऊजी, हळू, मोटरसायकल नाही ती."

मिस्त्री हळू झाला. मेहुणा पान्याच्या दांड्याने नळीवर टिचक्या मारत होता आणि तेलातून मोहरीएवढे बुडबुडे एकेक करून वर येत होते. शेवटचा आल्यावरही मेहुण्याने आणखी बराच वेळ वाट बघितली. मिस्त्रीने इतका वेळ वाट कधीच बघितली नव्हती, आणि तरीही त्याचे ब्रेक लागत होते. चाक बसवून फिरवलं, ते फिरतच राहिलं, दोघंही ते थांबेपर्यंत उभे राहिले. निघताना मेहुणा एवढंच म्हणाला, "चष्म्यात बरे दिसता." ते टोमण्यात धरावं की कसं, हे मिस्त्रीला घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

सिस्टरना त्याने निरोप पाठवला की विकायच्या आधी एकदा चालवून बघा, घेणाऱ्याला तसं सांगायला बरं पडतं. हे बोलणं त्याने वाटेत बसवून ठेवलं होतं. त्याच्या मनात सगळं चोख होतं: त्या चक्कर मारतील, बरं वाटेल, आपण म्हणू की थोडं साफसूफ केलं, सायकल परत घेऊन जातील. खोटं कुठेच नाही. नुसतं अर्धं.

संध्याकाळी सिस्टर आल्या, नको नको म्हणत सायकलीवर बसल्या आणि गेल्या. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. बाकड्यावरच्या मंडळींनी तोवर निरनिराळे अंदाज बांधले, त्यांतले दोन अपघाताचे होते. चाळीसाव्या मिनिटाला सिस्टर उतारावरून अशा आल्या की केस विस्कटलेले, चेहरा लालबुंद, आणि ब्रेक दाबून बरोबर स्टँडसमोर थांबल्या. टाकीपर्यंत जाऊन आले, म्हणाल्या. उतरले नाही.

"महिनाभर मला वाटत होतं मी संपले," त्या बाकड्याकडे वळून सांगायला लागल्या. "डॉक्टरांना कळलं नाही, मशिनला कळलं नाही. या माणसाने एका दिवसात बरं केलं. काय हात आहे."

बाकडं माना डोलवायला लागलं. मिस्त्रीने आजवर आयुष्यात कौतुक कधी नाकारलं नव्हतं. हे मात्र गळ्याशी आलं. समोर तोंड भरून हसणारी बाई, बाजूला त्याची हक्काची मंडळी, आणि त्याला फक्त गप्प राहायचं होतं. तो हातातलं फडकं पिळत राहिला. मग जमिनीकडे बघून म्हणाला:

"मीच बिघडवली होती, सिस्टर. मोटरसायकलचं तेल घातलं. रबरं फुगली, ब्रेक धरून बसला. तुम्हाला काही झालेलं नव्हतं."

सिस्टरनी सायकल स्टँडला लावली. पुढचं चाक बोटाने फिरवून बघितलं. नंतर शांतपणे म्हणाल्या की तेलाचं जाऊ द्या, मी तीस वर्षं इंजेक्शनं देते आहे, हाताला चुकीची बाटली लागणं काय असतं ते मला सांगू नका.

"पण मी येऊन म्हटलं होतं, जड जाते म्हणून. चाक उचलून फिरवायला किती वेळ लागतो?"

मिस्त्रीला उत्तर येत होतं. तेच तर वाईट होतं.

"काहीच नाही लागत," तो म्हणाला.

"मग?"

मग काय, टायर होता हातात, असं तो पुटपुटला, पण त्याचं त्यालाच ते ऐकवेना. त्या दिवशी हसलेल्या बाकड्यावरची माणसं आता आपापल्या चपला बघत होती. चूक झाली, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. सिस्टरनी हात वर केला, जसा वॉर्डात नातेवाइकांना थांबवायला करतात.

त्या म्हणाल्या, तुमचं ते वाक्य दवाखान्यात मीच नेलं, मला वाटलं खरं आहे. ते आता तिथे सगळ्यांच्या तोंडात आहे. ते परत आणायला तुम्ही जायचं. तिघं आहेत, डॉक्टर, कंपाउंडर आणि क्लार्क. प्रत्येकाला स्वतः भेटून सांगायचं, काय झालं होतं ते. माझी माफी वगैरे मागत बसू नका, मला वेळ नाही, उद्या वस्तीवर जायचं आहे. आणि त्या सायकलीवर बसून गेल्या.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी गेला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्म्याच्या वरून बघितलं आणि विचारलं की म्हणजे मी माणसाला तपासत होतो आणि आजारी होती सायकल. मिस्त्री हो म्हणाला. डॉक्टर स्वतःच जरा खजील झाले, त्यामुळे ते सोपं गेलं. कंपाउंडर हसला नाही, फक्त म्हणाला की सिस्टर महिनाभर जिन्यावरसुद्धा मध्ये थांबायला लागल्या होत्या, ठाऊक आहे का. मिस्त्रीला ठाऊक नव्हतं. जिन्याला ब्रेक नसतो. ते तो घरी येईपर्यंत मनातून काढू शकला नाही, आणि रात्री बायकोला त्याने अखेर ते वाक्यही सांगून टाकलं. ती दिवा मालवून कुशीवर वळली.

क्लार्क रजेवर होता.

सिस्टरनी अर्ज मागे घेतला, वस्तीची फेरी पुन्हा सुरू झाली. मिस्त्री आता चष्मा कपाळावर ठेवतो आणि कोणी जड म्हटलं की आधी चाक उचलतो. बाकड्याला यात मजा वाटत नाही, एक जण यायचा बंद झाला. आणि क्लार्क सोमवारी कामावर आला, हे मिस्त्रीला सोमवारीच कळलं. आज गुरुवार. मंगळवारी तो दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेला होता, पण क्लार्क फोनवर होता. काल पुन्हा गेला. खिडकी उघडी होती, आत क्लार्क दोघा-तिघांना काहीतरी रंगवून सांगत होता आणि ती माणसं पोट धरून हसत होती. मिस्त्री थोडा वेळ भिंतीपाशी उभा राहिला, बरोबर असलेली हवेच्या पंपाची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि मागे वळला.